ॲप कुठल्या स्टोअरमधून घ्यायचं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच विषय फिरून फिरून आला आहे. फोनमध्ये एकाऐवजी दोन-दोन, तीन-तीन ॲप स्टोअर दिसतात, वर व्हॉट्सॲपवर कुणीतरी ॲपची फाइल पाठवतो. खरं दुकान कुठलं, हे कसं ओळखायचं? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या वाचकांचे निवडक प्रश्न घेतले आहेत. मेनूंची नावं फोनवर इंग्रजीत दिसतात तशीच देवनागरीत दिली आहेत. कंपनीनुसार एखादा शब्द इकडे-तिकडे होईल.

प्रश्न : माझा फोन रेडमीचा. त्यात आधी ‘गेटॲप्स’ होतं, ते जाऊन ‘इंडस ॲपस्टोअर’ आपोआप आलंय. मी काही टाकलेलं नाही ओ. व्हायरस तर नव्हे? आणि प्ले स्टोअर असताना हे ठेवायचं कशाला? – निपाणी

व्हायरस नाही. रेडमी बनवणाऱ्या शाओमीनं भारतातल्या आपल्या फोनवरचं स्वतःचं स्टोअर गेटॲप्स बंद करून त्या जागी इंडस आणलं, आणि ते अपडेटमधून तुमच्याकडे पोचलं. इंडस हे फोनपेचं स्टोअर, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेलं. इंग्रजीखेरीज ते १२ भारतीय भाषांत चालतं आणि त्यात मराठी, कन्नड दोन्ही आहेत. आपल्या भागात ही सोय खरोखर कामाची आहे. घरातली वडीलधारी मंडळी मराठीत बोलून शोधतील आणि शाळेत कन्नड शिकणारी नात कन्नडमध्ये. ॲपची माहितीही त्याच भाषेत वाचायला मिळते.

तरीही बँकेची, पैशांची आणि सरकारी ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्या, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्लेवर ॲपची संख्या जास्त आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. ‘हे ॲप प्लेमधून आलंय का’ हे ॲप स्वतः तपासू शकतं. दुसरीकडून आलेलं असेल तर काही ॲप उघडताच ‘गेट धिस ॲप फ्रॉम प्ले’ अशी पाटी दाखवून थांबतात. पगार जमा झाला की नाही बघायच्या वेळी ही पाटी नको.

दोन्ही स्टोअर ठेवायची असतील तर आपोआप अपडेट एकाच ठिकाणी चालू ठेवा. इंडसच्या सेटिंग्जमध्ये ऑटो अपडेट बंद करा, प्लेमध्ये ‘ओव्हर वाय-फाय ओन्ली’ ठेवा. अँड्रॉइड १४ पासून एका स्टोअरचं ॲप दुसरं स्टोअर अपडेट करायला लागलं तर फोन तुम्हाला विचारू शकतो. असा प्रश्न आला की ‘कॅन्सल’ करा. इंडस नकोच असेल तर त्याच्या चिन्हावर बोट दाबून धरा. अनइन्स्टॉल दिसलं तर काढा, नाही तर डिसेबल करा, तेही नसेल तर निदान त्याची नोटिफिकेशन बंद करा.

जाता जाता : ‘इंडस प्ले स्टोअरमध्ये का मिळत नाही?’ असंही काहींनी विचारलं आहे. आपल्या स्टोअरमध्ये दुसरं स्टोअर ठेवू देत नाही, हा गूगलचा नियम आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तेव्हा हा नियम काढायलाही सांगितलं होतं. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड कायम ठेवला, पण नियम काढायचा हा आदेश मात्र रद्द केला.

प्रश्न : आमची थोडी जमीन बेळगाव तालुक्यात आणि थोडी चंदगड तालुक्यात. पिकाची नोंद दोन्हीकडे मोबाईलवर करायची म्हणतात. प्लेमध्ये शोधलं तर एकासारखी एक दहा ॲप येतात. गावातल्या एकानं व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, ‘हीच टाका’ म्हणाला. टाकू का? – उचगाव

टाकू नका. पाठवणारा ओळखीचा असला तरी फाइल त्याच्याकडे कुठून आली, हे बहुधा त्यालाही ठाऊक नसतं. ‘पीएम किसान’च्या नावानं खोट्या एपीके (म्हणजे स्टोअरशिवाय थेट ॲप टाकायच्या) फाइल देशभर फिरल्या आहेत आणि त्या टाकलेल्या शेतकऱ्यांची खाती रिकामी झाली आहेत.

तुमच्या दोन जमिनींना दोन राज्यांची दोन वेगळी ॲप लागतात. एकात दुसरीकडचा गट नंबर कधीच सापडणार नाही, त्यामुळे तसा प्रयत्न करत बसू नका. चंदगडकडच्या जमिनीसाठी महाराष्ट्राचं ‘ई-पीक पाहणी’. त्याची आताची आवृत्ती ‘डीसीएस’ या अक्षरांसह येते. फोनमध्ये जुनी पडून असेल तर आधी ती काढा. कर्नाटकातल्या जमिनीसाठी कृषी खात्याचं रैतांसाठीचं पीक समीक्षेचं ॲप. इथे घोटाळा असा होतो, की हंगामानुसार आणि वर्षानुसार ॲप वेगळं निघतं. गेल्या खरिपाचं ॲप फोनमध्ये असतं, तेच उघडून माणूस रब्बीची नोंद करायला जातो आणि ‘ॲप चालत नाही’ म्हणतो. नावात हंगाम आणि वर्ष नीट वाचा.

शोधताना मराठीत ‘पीक’ टाकलं तर महाराष्ट्राचीच ॲप वर येतात. कर्नाटकाच्या ॲपसाठी कन्नड लिपीत शोधा. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये कन्नड भाषा जोडून घेता येते, नाही तर माइक दाबून ‘बेळे समीक्षे’ म्हणा. तेही जमलं नाही तर होबळीच्या रयत संपर्क केंद्रात जाऊन तिथला क्यूआर किंवा दुवा मागून घ्या. चंदगडकडच्यासाठी तलाठी कार्यालय आहेच.

ॲप सापडलं की इन्स्टॉल दाबण्याआधी चार गोष्टी बघा. नावाखाली बनवणाऱ्याचं नाव असतं, ते सरकारी खात्याचं आहे का? प्लेनं खात्री केलेल्या सरकारी ॲपवर ‘गव्हर्नमेंट’ असा बिल्ला दिसतो. मे २०२४ पासून भारतासह १४ देशांत तो सुरू झाला. तो असला तर उत्तमच, नसला म्हणून ॲप खोटंच असं नाही. मग पान खाली सरकवून ‘ॲप सपोर्ट’ उघडा. तिथला ईमेल आणि संकेतस्थळ गव्ह डॉट इन किंवा एनआयसी डॉट इनवर संपतं का? जीमेलचा पत्ता असेल तर थांबा. शेवटी ‘अबाउट धिस ॲप’मध्ये वाचा. ‘आमचा सरकारशी संबंध नाही’ असं बारीक अक्षरांत लिहिलेली ॲप बरीच आहेत. ती पहाणी-उताऱ्याच्या सरकारी साइटचीच पानं आपल्या चौकटीत दाखवतात आणि मध्ये जाहिराती लावतात. चोरी नसेल त्यात, पण आधार क्रमांक आणि मोबाईल नंबर त्यांच्या हाती कशाला द्यायचा?

उभ्या असलेल्या जागेचा सर्व्हे नंबर बघायला कर्नाटक महसूल खात्याचं ‘दिशांक’ चांगलं आहे. तेही वरच्याच पद्धतीनं तपासून घ्या. सीमेपलीकडच्या गटांसाठी त्याचा उपयोग नाही.

प्रश्न : दुधाच्या हिशेबाचं एक मोफत ॲप मी प्लेमधून घेतलं होतं. मित्रानं ‘एफ-ड्रॉइड’वर त्याचीच बिनजाहिरातीची आवृत्ती आहे म्हणून सांगितलं. टाकायला गेलो तर ‘ॲप नॉट इन्स्टॉल्ड’ येतंय. फोनची जागा भरली म्हणावं तर ११ जीबी रिकामी आहे की! – खानापूर

जागेचा दोष नाही, सहीचा आहे. हा मुद्दा एकदा ध्यानात आला की स्टोअर निवडणं सोपं होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर एक डिजिटल सही असते. ॲप पहिल्यांदा टाकलं की फोन ती सही लक्षात ठेवतो आणि पुढचं प्रत्येक अपडेट त्याच सहीचं असेल तरच आत घेतो. नाव तेच पण सही वेगळी असेल तर फोन नकार देतो. काही फोनवर ‘पॅकेज कॉन्फ्लिक्ट’ असा लांब संदेश येतो, काहींवर नुसतं ‘नॉट इन्स्टॉल्ड’. हा नकार तुमच्या भल्याचाच आहे. तो नसता तर कुणीही तुमच्या बँकेच्या ॲपवर स्वतःचं ॲप चढवू शकला असता.

एफ-ड्रॉइड हे २०१० पासूनचं, फक्त खुल्या सोर्सच्या, म्हणजे मूळ कोड सगळ्यांना पाहता येतो अशा ॲपचं स्टोअर. खातं उघडावं लागत नाही, पैसे नाहीत. तिथली बहुतेक ॲप एफ-ड्रॉइडवाले मूळ कोड घेऊन स्वतःच्या सर्व्हरवर बांधतात आणि आपली सही करतात. प्लेवरच्या त्याच ॲपवर सही वेगळी. म्हणून एकावर दुसरं बसत नाही.

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकवू नका. जुनं ॲप काढलं की त्यातला हिशेबही जातो. आधी त्या ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅकअप’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ शोधा, तयार झालेली फाइल ‘डाउनलोड्स’मध्ये ठेवा आणि एक प्रत स्वतःलाच ईमेल करा. फाइल शून्य केबीची नाही ना, हे उघडून पाहा. मगच जुनं ॲप काढा, नवं टाका आणि ‘इम्पोर्ट’ करा. एक्स्पोर्टची सोयच नसेल तर बदल करू नका, प्लेचंच चालू ठेवा. वर्षभराच्या लिटर-फॅटच्या नोंदींपुढे दोन जाहिराती परवडल्या.

एफ-ड्रॉइड त्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावं लागतं. क्रोम तेव्हा ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ची परवानगी मागेल. ती द्या, एफ-ड्रॉइड बसलं की ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’मध्ये जाऊन क्रोमची परवानगी लगेच बंद करा. पुढे ती फक्त एफ-ड्रॉइडला असू द्या. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपनिहाय देता येते, पण बहुतेक जण एकदा दिली की विसरतात, आणि मग महिन्यांनी ब्राउझरमधून भलतंच काहीतरी आत येतं. एफ-ड्रॉइडवर नवी आवृत्ती प्लेपेक्षा काही दिवस उशिरा येते, हेही धरून चाला.

याच पत्रात दुसरा प्रश्न आहे : मित्राच्या फोनमधून शेअर करून घेतलेलं ॲप इंग्रजीतच का उघडतं? प्ले स्टोअर ॲपचे तुकडे करून प्रत्येक फोनला लागतील तेवढेच देतं. स्क्रीनचा एक, प्रोसेसरचा एक, भाषेचा एक. मित्राचा फोन इंग्रजीत असेल तर मराठी किंवा कन्नडचा तुकडा त्याच्याकडे अनेकदा आलेलाच नसतो, मग तो तुम्हाला कुठून मिळणार? कधी मुख्य तुकडाच तेवढा येतो आणि ॲप उघडताच बंद पडतं. दुरुस्तीच्या भानगडीत न पडता ते काढा आणि स्टोअरमधून घ्या.

प्रश्न : सॅमसंग फोनमध्ये प्ले आणि गॅलेक्सी स्टोअर दोन्ही आहेत. शिवाय बाहेरचं काही टाकायला गेलं की ‘ऑटो ब्लॉकर’ अडवतो. बंद करू का? – टिळकवाडी, बेळगाव

फोन आई-वडिलांचा असेल तर चालूच ठेवा. ऑटो ब्लॉकर प्ले आणि गॅलेक्सी या दोन ठिकाणांखेरीज कुठूनही ॲप येऊ देत नाही, आणि केबलमधून दिलेल्या आज्ञाही अडवतो. एफ-ड्रॉइडच काय, केंद्र सरकारच्या ‘मोबाईल सेवा’ स्टोअरमधली फाइलही तो रोखेल. जाणून-समजून टाकायचं असेल तर ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’मध्ये तो बंद करा, काम झालं की पुन्हा चालू करा.

गॅलेक्सी स्टोअर सॅमसंगच्या स्वतःच्या वस्तूंसाठी ठेवा : थीम, फोनचं रूप बदलायचं ‘गुड लॉक’, सॅमसंगच्याच ॲपचे अपडेट. बाकी सगळं प्लेमधून. पैसे भरून घेतलेलं ॲप एका स्टोअरचं दुसऱ्यात धरलं जात नाही, हे मात्र पक्कं लक्षात असू द्या. स्टोअर बंद पडण्याचीही शक्यता असते. ॲमेझॉननं आपलं अँड्रॉइड फोनवरचं ॲप स्टोअर २० ऑगस्ट २०२५ रोजी बंद केलं. प्लेवर पैसे भरून घेतलेलं ॲप नको वाटलं तर ४८ तासांच्या आत परतावा मागा. आणि सदस्यत्व घेतलं असेल तर ॲप काढून टाकल्यानं ते थांबत नाही. प्लेमध्ये ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करावं लागतं, नाही तर यूपीआय ऑटोपेमधून पैसे जातच राहतात.

प्रश्न : ‘आरटीओ चलान’ नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली. वडिलांनी उघडून इन्स्टॉल केली. आता चिन्ह कुठे दिसत नाही, पण ओळखीच्यांना आमच्या नंबरवरून तीच फाइल जातेय. लवकर सांगा. – चिकोडी

पहिलं काम, सिम काढा आणि साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. असली ॲप ओटीपीचे एसएमएस वाचून पुढे पाठवतात, सिम बाहेर आलं की तो रस्ता बंद. स्मार्टफोनचं वाय-फायही बंद करा. लगेच दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवरही नोंदवता येते. साध्या फोनवरून *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवलेत का पाहा. वळवले असतील तर ##००२# लावून रद्द करा.

आता फोन. चिन्ह दिसत नसलं तरी ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’मधल्या पूर्ण यादीत ते असतं, कधी कोऱ्या नावानं, कधी ‘सिस्टिम सर्व्हिस’सारख्या नावानं. अनइन्स्टॉल फिकट दिसत असेल तर त्यानं दोन जागा धरून ठेवल्या आहेत असं समजा. एक ‘ॲक्सेसिबिलिटी’ (ॲपला स्क्रीन वाचू आणि बटणं दाबू देणारी परवानगी), दुसरी ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’. दोन्हींत जाऊन त्याचं बटण बंद करा, मग काढा. बंद करताना स्क्रीन आपोआप मागे उडी मारत असेल तर सेफ मोडमध्ये जा. बऱ्याच फोनवर ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. तिथे बाहेरची ॲप चालत नाहीत, म्हणून काढता येतात. एसएमएससाठी डीफॉल्ट ॲप कुठलं आहे, नोटिफिकेशनची परवानगी कुणाकुणाला आहे, व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी काही आहे का, तेही बघा.

एवढं झाल्यावरही फोटो आणि नंबर बाजूला घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा. एपीके फाइल बॅकअपमध्ये घेऊ नका. पासवर्ड आणि यूपीआय पिन रीसेटनंतरच बदला, आधी बदललात तर नवेही त्यालाच कळतील. ज्यांना फाइल गेली त्यांना फोन करून सांगा. मेसेजवर आता कुणाचा विश्वास बसणार नाही.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजी मिळत नाही, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ म्हणून फोन अडवतो. प्लेमधली सुरक्षा तपासणी, म्हणजे प्ले प्रोटेक्टही ब्राउझर किंवा व्हॉट्सॲपमधून आलेलं, एसएमएस वाचायची परवानगी मागणारं ॲप अडवू शकतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये गूगलनं भारतात हा प्रयोग जाहीर केला. म्हणूनच भामटे फोनवर बोलत बोलत ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा, तीन ठिपके दाबून परवानगी द्या’ असं सांगतात. हे वाक्य कानावर पडलं की फोन ठेवायचा. खरं चलान ई-चलान परिवहनच्या गव्ह डॉट इन साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. चलानासाठी कुठलीही फाइल इन्स्टॉल करावी लागत नाही.

प्रश्न : दुबईहून कायमचा परत आलोय. बँकेचं ॲप शोधलं की ‘नॉट अव्हेलेबल इन युअर कंट्री’ म्हणतं. दुकानदार एपीके टाकून देतो म्हणतोय. – नंदगड

एपीकेची गरज नाही. तुमच्या गूगल खात्याचा प्लेमधला देश अजून अमिरातीचा आहे. प्लेमध्ये फोटोवर टिचकी मारून ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘अकाउंट अँड डिव्हाइस प्रेफरन्सेस’मध्ये ‘कंट्री’ भारत करा. भारतातला पेमेंटचा मार्ग जोडावा लागेल. बदल लागू व्हायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात, आणि तो १२ महिन्यांत एकदाच करता येतो. जुन्या देशातली गूगल प्लेची शिल्लक इथे वापरता येत नाही, ती आधी संपवा. पुन्हा तिकडे जायचा विचार असेल तर देश बदलू नका. भारतात असताना त्याच फोनवर दुसरं गूगल खातं उघडा आणि इथली ॲप त्यातून घ्या.

प्रश्न : आयफोनवर दुसरं ॲप स्टोअर टाकता येतं का? – शहापूर

भारतात नाही. युरोपीय संघात कायद्यामुळे मार्च २०२४ पासून ॲपलला ते द्यावं लागलं, इथे ॲपलचं ॲप स्टोअर हाच एक मार्ग. म्हणून कुणी शेअर गुंतवणुकीसाठी ‘टेस्टफ्लाइट’मधून (ॲपलचं, चाचणीतली ॲप वापरून बघायचं ॲप) ॲप घ्या किंवा ‘प्रोफाइल’ (फोनच्या सेटिंग्ज बदलणारी फाइल) टाका म्हणालं, तर तो स्टोअरची तपासणी टाळून आत शिरायचा प्रयत्न समजा. टाकलं असेल तर ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’ उघडा. स्वतःच्या फोनवर तिथे ऑफिसचं सोडून एकही प्रोफाइल असायचं कारण नाही, दिसलं तर ‘रिमूव्ह’ करा आणि फोन बंद करून पुन्हा चालू करा.